पाटी कोणत्या भाषेत लावायची?

दुकानांवरच्या पाट्यांचा वाद महाराष्ट्राला नवा नाही. २०२२ मध्ये राज्य सरकारने दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती केली आणि लहानमोठ्या सगळ्याच दुकानांना देवनागरीतील मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, अशीही अट त्यात होती. व्यापारी न्यायालयात गेले. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या किरकोळ व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि वकिलांवर पैसे घालवण्यापेक्षा पाट्यांवर घालवा, अशा अर्थाची कानउघाडणीही केली. पाट्या बदलल्या. रंगाऱ्यांना आणि फ्लेक्सवाल्यांना चार दिवस बरे गेले.

मात्र यातल्या बहुतेक दुकानांना आणखी एक पाटी असते. ती रस्त्यावरून दिसत नाही. गिऱ्हाईक हल्ली आधी ती पाहते आणि मग रस्त्यावर येते, किंवा येतही नाही. ती पाटी म्हणजे दुकानाचे संकेतस्थळ. त्यावर मराठी आहे का, असल्यास ती कोणाला वाचता येते, हे विचारायला अजून कोणी मोर्चा काढलेला नाही. गेली अठरा वर्षे मी संकेतस्थळे बांधण्याचा आणि मोडलेली दुरुस्त करण्याचा व्यवसाय करतो. त्यामुळे या न दिसणाऱ्या पाट्यांशी माझा रोजचा संबंध येतो. त्यांच्याविषयी घरात बसून रविवारचे वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना काही सांगावे, असे बरेच दिवस मनात होते.

आपण प्रश्न विचारला की गूगलसारखे शोधयंत्र जगभर धावत सुटते आणि उत्तर घेऊन येते, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे नसते. धावाधाव आधीच झालेली असते. शोधयंत्राचे रोबो, म्हणजे स्वतःहून चालणारे प्रोग्रॅम, एका पानावरून दुव्याने दुसऱ्या पानावर जात अहोरात्र हिंडत असतात. जे पान वाचता आले त्याची नोंद करतात. एखाद्या वाचनालयात ग्रंथपालाने आधीच सूचिपत्रे करून कपाटात लावून ठेवावीत, तसा हा प्रकार असतो. आपण प्रश्न विचारतो तेव्हा फक्त कपाटाचा खण उघडला जातो. लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये गूगल सुरू केले, तेव्हा त्यांची मुख्य कल्पना अशी होती की, ज्या पानाकडे इतर चांगली पाने बोट दाखवतात ते पान महत्त्वाचे मानावे. आज त्यात शेकडो गोष्टी मिसळल्या आहेत. पण मूळ अट बदललेली नाही. ज्याचे सूचिपत्रच झाले नाही, ते पुस्तक कपाटात असून नसल्यासारखे.

मराठीच्या बाबतीत नेमके हेच झाले आणि ते पुरते दहा-बारा वर्षे होत राहिले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मराठी वर्तमानपत्रे इंटरनेटवर आली. परदेशातल्या मराठी माणसाला सकाळच्या चहाबरोबर गावाकडची बातमी वाचता येऊ लागली, याचे कोण कौतुक झाले! पण ती अक्षरे देवनागरी दिसत असली तरी संगणकाच्या पोटात ती देवनागरी नव्हती. प्रत्येक कंपनीने आपापला फॉन्ट केला होता आणि त्यात रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसवली होती. एका फॉन्टमध्ये इंग्रजी 'के'च्या जागी एक अक्षर, दुसऱ्या फॉन्टमध्ये त्याच जागी दुसरेच. वाचकाने तो फॉन्ट उतरवून घेतला की पान छान दिसे. रोबोला मात्र त्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक सडा दिसे. 'कापसाचा भाव' असे शोधणाऱ्याला कापसाच्या भावाचे ते पान कधीही सापडणार नव्हते, कारण त्या पानावर 'कापूस' हा शब्दच नव्हता.

यावरचा उपाय तेव्हाही जन्माला आलेला होता. पुण्याच्या सी-डॅकशी जोडले गेलेले इस्की हे भारतीय लिप्यांसाठीचे प्रमाण १९८८ मध्ये तयार झाले आणि त्याच्याच आधारे १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या हक्काच्या जागा मिळाल्या. विंडोज २००० मध्ये 'मंगल' हा युनिकोड फॉन्टही आला. तरी छापखान्यांत आणि कचेऱ्यांत जुने फॉन्ट ठाण मांडून राहिले. टंकलेखकांची बोटे त्यांना सरावली होती आणि छपाई तर उत्तम होत होती. मग बदलायचे कशाला? त्या काळातला जो मजकूर नंतर बदलून घेतला गेला नाही, तो आजही शोधयंत्राच्या दृष्टीने अस्तित्वात नाही. एका पिढीचे अग्रलेख, मृत्युलेख, पुस्तक परीक्षणे यांत असतील. मला स्वतःला हे नुकसान ग्रंथालयाला वाळवी लागण्याइतकेच मोठे वाटते. वाळवी निदान डोळ्यांना दिसते.

युनिकोड आल्यावर सगळे सुरळीत झाले असेही नाही. एका प्रकाशकाच्या संकेतस्थळावर 'कादंबऱ्या' असे शोधले की एकही पुस्तक येत नसे. दुकानात कादंबऱ्यांची रास लागलेली! कारण मराठीतला हा अर्धा रफार संगणकावर दोन प्रकारांनी उमटवता येतो. एका प्रकारात नुक्ता असलेल्या 'ऱ'ला हलन्त जोडतात. दुसऱ्यात साध्या 'र'ला हलन्त लावून मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. पुस्तके भरणाऱ्याचा कळफलक पहिल्या प्रकारचा होता, शोधणाऱ्यांच्या फोनमधला दुसऱ्या. 'ॲ'चेही तसेच. युनिकोडमध्ये हे स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये आले. त्याआधीचे लोक 'अ'वर चंद्र ठेवून काम भागवत आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी तसेच चालते. मोठी शोधयंत्रे असले फरक बऱ्याच प्रमाणात पोटात घालतात. पण आपल्या छोट्या संकेतस्थळांच्या आतली शोधपेटी तेवढी समंजस नसते. तिला ते शिकवावे लागते. अर्ध्या दिवसाचे काम आहे, पण ते करायचे असते हेच कोणाला ठाऊक नसते.

आता भाषेकडे येऊ. देवनागरी अक्षरे पाहून यंत्राने ती मराठी आहेत हे कसे ओळखायचे? हिंदी, मराठी, नेपाळी, कोकणी या सगळ्यांची लिपी तीच. चार ओळी मजकूर असला तर 'आहे', 'आणि', 'ळ' या खुणांवरून यंत्र बरोबर ओळखते. एखादाच शब्द असला की पंचाईत. 'शिक्षा' हा शब्द घ्या. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडे शिक्षा म्हणजे छडी. हिंदी भाषक ज्याला शिक्षेचा अधिकार म्हणतो, तो आपल्या लेखी पोरांना मार खाण्याचा हक्क होतो. पान कोणत्या भाषेत आहे हे सांगणारी एक चिठ्ठी प्रत्येक पानाच्या डोक्यावर लावता येते. मराठीसाठी तिचा संकेत 'एमआर' असा दोन अक्षरी आहे. गंमत म्हणजे गूगल या चिठ्ठीवर फारसा विश्वास ठेवत नाही, मजकूर वाचूनच भाषा ठरवते. लोक चुकीच्या चिठ्ठ्या फार लावतात, हे त्याचे कारण. तरीही चिठ्ठी लावावी. चांगल्या फॉन्टमध्ये तिच्यामुळे मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' उमटतात आणि दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारे यंत्र मराठी आवाज निवडते.

एकच पान अनेक भाषांत असेल तर मात्र वेगळी व्यवस्था लागते. २०११ च्या डिसेंबरात गूगलने 'एचरेफलँग' नावाची खूण आणली. मराठी पानाने सांगायचे की माझे इंग्रजी भावंड अमुक पत्त्यावर राहते, आणि इंग्रजी पानाने सांगायचे की माझे मराठी भावंड तमुक पत्त्यावर. दोघांनीही सांगितले तरच नाते ग्राह्य धरले जाते. एकाने भाऊ म्हटले आणि दुसऱ्याने ओळख दाखवली नाही, तर यंत्र दोघांनाही परके समजते. २०१३ मध्ये यात आणखी एक सोय आली, ज्याची भाषा आपल्याकडे नाही अशा पाहुण्याला कोणत्या पानावर बसवायचे ते सांगण्याची.

या खुणेत आधी भाषा आणि मग हवा असेल तर देश लिहायचा असतो. भल्याभल्यांचा घोटाळा इथेच होतो. इंग्लंडसाठी लोक 'यूके' लिहितात. पण देश म्हणून त्याचा अधिकृत संकेत 'जीबी' आहे आणि भाषा म्हणून 'यूके' म्हणजे युक्रेनियन. जपानी भाषा 'जेए', जपान देश 'जेपी'. आणि आपले 'एमआर' हे भाषेच्या जागी मराठी असले तरी देशाच्या जागी पश्चिम आफ्रिकेतला मॉरिटानिया होते. एका संकेतस्थळावर मराठी भाषेऐवजी हीच दोन अक्षरे देशाच्या रकान्यात पडली होती. पानांवर लिहिले होते, इंग्रजी, मॉरिटानियातील वाचकांसाठी. सहारा वाळवंटात थालीपीठ भाजणीला किती मागणी आहे कोण जाणे! बरे, ज्या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या मराठी मंडळी आहेत त्या मॉरिशसचा संकेत 'एमयू' आहे.

गोव्याची अडचण याहून खरी आहे. ही खूण भाषांचे दोन अक्षरी संकेत मानते आणि कोकणीला दोन अक्षरी संकेतच नाही. आंतरराष्ट्रीय यादीत तिला 'केओके' असा तीन अक्षरी संकेत आहे. १९८७ पासून ती गोव्याची राजभाषा आहे आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे. तरी पणजीच्या एखाद्या संस्थेने आपले संकेतस्थळ कोकणी, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत केले, तर यातल्या दोन भावंडांचीच नोंद रीतसर होते. यावर कोणी गोंयकार चिडला तर त्याला चूक कसे म्हणणार?

भाषेची खूण झाली, आता पत्ता. हा खरा अवघड निर्णय, कारण तो पुढे बदलायचा म्हटले की फार महाग पडतो. ढोबळमानाने तीन मार्ग आहेत. प्रत्येक देशात वेगळे नाव घ्यायचे, जसे ॲमेझॉन करते. भारतात डॉट इन, जर्मनीत डॉट डीई. किंवा एकाच डॉट कॉमच्या आत देशांच्या आणि भाषांच्या खोल्या करायच्या, जसे ॲपल करते. २०१७ मध्ये सुरू झालेली बीबीसी मराठीही बीबीसीच्या वाड्यातली अशीच एक खोली आहे. किंवा नावाच्या पुढे भाषेचा संकेत जोडून उपनावे करायची, जशी विकिपीडियाने केली. मराठी विकिपीडिया २००३ पासून अशाच उपनावाखाली आहे.

देशाचे नाव घेतले की त्या देशात भरवसा वाढतो आणि शोधयंत्रालाही माल कुठला ते लगेच कळते. पण प्रत्येक नावाची पुण्याई वेगळी मोजली जाते. दहा देशांत दहा नावे घेतली, तर दहा दुकाने शून्यापासून उभी करावी लागतात. शिवाय देशाचे नाव देशाच्या नशिबाला बांधलेले असते. युगोस्लाव्हिया फुटला आणि २०१० मध्ये डॉट वाययू हे नाव कायमचे बंद झाले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, तेव्हा तिथल्या रहिवाशांचा डॉट ईयूवरचा हक्क गेला आणि १ जानेवारी २०२१ ला हजारो पत्ते स्थगित झाले. ज्यांनी आपण युरोपचे म्हणून अभिमानाने ते नाव घेतले होते, त्यांच्या दारावरची पाटी रातोरात उतरली. गंमत अशी की दुसऱ्यांना देशांच्या नावांवर भर देण्याचा सल्ला देत आलेल्या गूगलने स्वतःच्या शोधाचे देशोदेशीचे पत्ते एकाच डॉट कॉमकडे वळवत असल्याचे एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले. आमचे अनुमान आता तुमच्या जागेवरून होते, पत्त्यावरून नव्हे, असे त्यांचे म्हणणे.

माझे मत विचाराल तर लहान उद्योगाने एकच डॉट कॉम घ्यावे आणि त्यात खोल्या कराव्यात. भारतातच विकायचे असेल तर डॉट इन उत्तम.

आणि डॉट भारत? २०१४ च्या ऑगस्टमध्ये ते आले तेव्हा मलाही फार आनंद झाला होता. आपले नाव आपल्या लिपीत, याहून दुसरे काय हवे. पण इंटरनेटचा पाया रोमन अक्षरांचाच राहिला आहे. पडद्यावर 'भारत' दिसले तरी खाली त्याचे 'एक्स एन, दोन आडव्या रेघा, एच टू बी आर जे नाइन सी' असे रूपांतर झालेले असते. पत्त्याच्या पुढच्या भागात देवनागरी वापरली तर एकेका चिन्हाची नऊ रोमन चिन्हे होतात. 'मराठी' या शब्दात पाच चिन्हे आहेत, म्हणजे कोणाला दुवा पाठवताना त्याची पंचेचाळीस अक्षरी माळ होऊ शकते. गूगल असले पत्ते व्यवस्थित वाचते, त्यामुळे दिसण्यात तोटा नाही. पण ती माळ पाहून मावशीला वाटते की हा काहीतरी फसवणुकीचा प्रकार आहे, आणि ती दुवा उघडत नाही. मावशीचे चुकत नाही.

या सगळ्याचा पोटापाण्याशी काय संबंध, ते येवल्याच्या एका विणकर कुटुंबाकडे मला नीट दिसले. तीन पिढ्यांचे हातमाग. काठापदराची पैठणी विणायला नक्षीप्रमाणे काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत वेळ लागतो. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तरी यंत्रमागावरची नक्कल 'पैठणी' म्हणूनच विकली जाते, आणि इंटरनेटवर तर तिचाच पूर आहे. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. मधले व्यापारी टाळून थेट विकावे म्हणून मुलाने संकेतस्थळ करून घेतले होते. 'महिन्यात पहिल्या पानावर आणतो' असे सांगून एका संस्थेने बरेच पैसेही घेतले होते. वर्ष गेले, परदेशातून एकही मागणी आली नाही. मुलाचे वडील मला म्हणाले, "भाऊ, धोटा अडकला तर आम्हाला कळतं कुठं अडकला. ह्यात कुठं अडकलंय तेच दिसत नाही."

अडकले तीन ठिकाणी होते. पहिले, साड्यांची नावे, नक्षीचे वर्णन, किमती हे सगळे चित्रांत लिहिलेले. बांगडी मोर, मुनिया, असावली, कमळ, एकही शब्द अक्षररूपात नव्हता. चित्रावर सुंदर वळणाने लिहिलेली अक्षरे हे रोबोच्या वाचनाचे भरवशाचे साहित्य नव्हे. दुसरे, अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, दुबई अशा देशांसाठी वेगवेगळी पाने होती, पण मजकूर तोच, फक्त देशाचे नाव बदललेले. अशी पोकळ दारे उभी करणे गूगलच्या नियमांत फसवणुकीत मोडते. तिसरे सर्वांत वाईट. पाहुणा कोणत्या देशातून आला ते पाहून संकेतस्थळ त्याला आपोआप त्या देशाच्या पानावर ढकलत होते. यात हुशारी वाटते खरी. पण गूगलचे रोबो बहुतांशी अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतात. त्यामुळे दर खेपेस त्यांना अमेरिकेच्याच पानावर ढकलले जाई. भारतासाठीचे पान, ज्यावर सगळा माल होता, ते रोबोने कधी पाहिलेच नव्हते. दारातला रखवालदार ग्रंथपालालाच आत सोडत नव्हता.

आम्ही ती ढकलाढकली बंद केली आणि वरच्या कोपऱ्यात भाषेची निवड ठेवली. तीही झेंड्यांशिवाय. भाषेसाठी देशाचा झेंडा लावण्याची एक खोड जगभर आहे. मराठीसाठी कोणता लावणार? तिरंगा लावला तर तो अनुसूचीतल्या बावीस भाषांचा झाला. सरळ 'मराठी' असे मराठीत लिहावे, ज्याला वाचता येते त्याला कळते. पोकळ पाने काढून जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यावर कायमचे वळण दिले. पोस्टात जसे आपण घर बदलल्याचे कळवतो तसेच हे. हे न करता लोक संकेतस्थळाचे 'नूतनीकरण' करतात आणि जुने सगळे दुवे मरतात. सरकारी कचेऱ्यांना तर याची फार हौस. कोणा शेतकऱ्याने अर्जाचा नमुना शोधावा आणि 'पान सापडले नाही' एवढेच हाती लागावे, हे किती वेळा पाहिले असेल त्याला गणती नाही.

अमेरिकेसाठी मात्र एक खरे वेगळे पान केले, कारण तिथल्या गिऱ्हाइकाचे प्रश्न खरेच वेगळे होते. डॉलरमधली किंमत, पोचायला लागणारे दिवस, फॉल-पिको करून मिळेल का. त्यातच २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या टपालमालाला असलेली जकातमाफी थांबवली. साडीवर जकात कोण भरणार, हे स्पष्ट लिहिल्याशिवाय कोणी पैसे पाठवणार नव्हते. देशाप्रमाणे पान वेगळे करायचे ते अशा कारणासाठी. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियासाठी इंग्रजीचे सर्वसाधारण पान पुरेसे होते. चीन, कोरियात विकायचे असते तर गोष्ट निराळी. तिथे बायडू आणि नेव्हर यांचे राज्य आहे, त्यांचे रीतिरिवाज वेगळे. पण येवल्याला त्याची गरज नव्हती.

मग लिहायचे काय आणि कोणत्या शब्दांत, यावर आमचे बरेच बोलणे झाले. मुलगा म्हणाला, सगळे इंग्रजीत ठेवू, मराठीत कोण शोधतो. त्याचे अर्धे बरोबर होते. आपली माणसे मराठी मनात धरून रोमन अक्षरांत टंकतात. 'येवला' हे तर दोन-तीन स्पेलिंगांनी लिहिले जाते. खरेदीच्या शब्दांत इंग्रजी फार. पण साडी घेतल्यानंतरचे प्रश्न मराठीत येतात, तेही आता बोलून. पैठणी धुवायची कशी, जर काळी पडली तर काय करायचे, आजीच्या पैठणीची घडी तुटली आहे, दुरुस्त होईल का. याची उत्तरे वडिलांना पाठ होती. ती कधी कोणी लिहून घेतली नव्हती. आम्ही ती त्यांच्याच बोलीत लिहून घेतली. खरी पैठणी ओळखायची कशी, उलट बाजूनेही नक्षी तशीच स्वच्छ का दिसते, हेही त्यात आले.

बोलीचा हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो साड्यांपुरता नाही. मराठीतली आरोग्याची पाने उघडून पाहा. 'अवयवांतील संवेदनांचा ऱ्हास' असे काहीतरी लिहिलेले असते. ज्याला त्रास होतो आहे तो माणूस म्हणतो, "पायाला मुंग्या येतात." साखर वाढल्याची ती खूण असू शकते, डॉक्टरांकडे जायला हवे. पण 'मुंग्या' हा शब्द त्या पानावर नसेल तर त्याला ते पान मिळणे कठीण, आणि घरातल्या मुंग्या घालवण्याचे उपाय मिळायची शक्यता अधिक. इंग्रजी पान यंत्राकडून भाषांतरित करून घेतले तर याहून वाईट. 'होम'चे 'घर' आणि 'बुक नाऊ'चे 'आता पुस्तक' झालेली पाने मी पाहिली आहेत. नुसत्या संख्येसाठी यंत्राने पानेच्या पाने ओतण्याचा हा उद्योग २०२४ च्या मार्चपासून गूगलच्या नियमांत स्पष्टपणे गैर ठरवला आहे.

२०२४ पासून आणखी एक उलथापालथ सुरू झाली. शोधयंत्र आता दुव्यांच्या आधी स्वतःच उत्तर लिहून दाखवू लागले आहे. ते उत्तर कोणाच्या तरी पानांतूनच घेतलेले असते, पण वाचक त्या पानावर जाईलच असे नाही. रोबोंना अडवायची सोय जुनी आहे. १९९४ मध्ये मार्टाइन कोस्टर या डच अभियंत्याने असा संकेत सुचवला की, संकेतस्थळाच्या दारात एक साधी फाइल ठेवावी, रोबोने आत येण्याआधी ती वाचावी आणि जिथे मनाई असेल तिथे जाऊ नये. या सभ्यपणाच्या रिवाजाला औपचारिक प्रमाण म्हणून मान्यता मिळायला २०२२ उजाडले. २०२३ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांचे रोबो याच फाइलमध्ये नावानिशी अडवले जाऊ लागले. जगातल्या अनेक मोठ्या वर्तमानपत्रांनी तसे केले.

येवल्यात आम्ही यावर एक अख्खी दुपार घालवली. अडवले तर वडिलांचे पन्नास वर्षांचे ज्ञान फुकट कोणी नेणार नाही. न अडवले तर "खरी पैठणी कशी ओळखावी" या प्रश्नाला यंत्र जे उत्तर देईल ते निदान विणकराच्या घरचे असेल, नकली माल विकणाऱ्याच्या घरचे नसेल. मुलगा अडवा म्हणत होता, वडील राहू द्या म्हणत होते. शेवटी धुण्याची आणि ओळखण्याची पाने उघडी ठेवली आणि नक्षीच्या मूळ आलेखांची पाने बंद केली. हा निर्णय बरोबर की चूक हे दोन-चार वर्षांनी कळेल.

पहिल्या सहा महिन्यांत परदेशातून अकरा मागण्या आल्या. अकरा म्हणजे फार नव्हेत, पण हातमागावर अकरा साड्या म्हणजे घरातल्या दोन मागांचे बरेच महिने. सर्वांत जास्त वाचले जाणारे पान आजही जर काळी पडल्याचे मराठी पान आहे, त्यावरून विक्री जवळजवळ होत नाही आणि फोन मात्र खूप येतात. ते वडील घेतात. आता म्युनिकहून एक मागणी आल्यापासून मुलाच्या मनात जर्मन पान करण्याचे आहे. जर्मन येणारे घरात कोणी नाही, आलेल्या पत्राला उत्तर कोण देणार, म्हणून मी नको म्हणतो आहे. दिवाळीनंतर बसून ठरवायचे आहे.